हजेरीत नाव नसताना

मी ज्या कॉलेजात दोन वर्षं शिकले, त्या इमारतीत पूर्वी सोफासेट विकायचे. ओमानमधल्या सोहारच्या हमरस्त्याला लागून ते शोरूम होतं. दुकान बंद पडल्यावर मालकाने जागा कॉलेजला दिली. दर्शनी काच होती तशीच राहिली आणि तिच्या आत केमिस्ट्रीची लॅब थाटली गेली. आम्ही पांढरे कोट घालून परीक्षानळ्या हलवत असलो की बाहेर गाडी लावणारी माणसं थांबून बघत. एकदा एक गृहस्थ आत येऊन कपाटांची चौकशी करून गेले.

मेडिकलची प्रवेश परीक्षा मी दोनदा दिली होती आणि दोन्हीदा चांगलीच हुकली होती. भारतात एकटीला पाठवायला आई तयार नव्हती. मग हा दोन वर्षांचा विज्ञानाचा डिप्लोमा. सोहारच्या आमच्या मराठी मंडळात हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "मग काय, मेडिकल का?" मी म्हणायचे, "कॉलेज." "कुठलं?" "इथलंच." यावर बोलणं लगेच गावाहून आलेल्या कोकमांवर जायचं. त्यांचा काही वाईट हेतू नसायचा. पण घरी येईपर्यंत गाडीत माझा पाय हलत राहायचा आणि बाबा आरशातून बघत म्हणायचे, "पाय नको हलवू गो बाय, गाडी हलते."

बाबा तिथल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. आम्ही मूळचे गुहागरकडचे. माझा जन्म मात्र सोहारचा, आणि शाळा भारतीय अभ्यासक्रमाची, म्हणजे वर्गात सगळं इंग्रजी. आईने घरात मराठीशिवाय काही चालू दिलं नाही म्हणून ही भाषा माझ्याकडे राहिली.

कॉलेजात मी एकटी भारतीय होते. बाकी बहुतेक ओमानी मुली. लॅबमध्ये दोघींना मिळून एक बाक असायचा, आणि माझ्या वाट्याला जी जोडीदार आली ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, लग्न झालेली, एका लहान मुलीची आई. सहमची, म्हणजे मस्कतकडून येताना सोहारच्या अलीकडे लागणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावची. घरी बलुची बोलणारी, आणि मावशीबरोबर टीव्ही बघून बघून हिंदी शिकलेली. पहिल्याच दिवशी माझ्या हातातली बाटली काढून घेत ती म्हणाली, "आराम से, उख्ती. यह भागेगा नहीं." उख्ती म्हणजे बहीण. पुढे मीही तिला उख्तीच म्हणायला लागले. आम्ही एकमेकींना नावाने क्वचितच हाक मारली.

ती सावकाश होती आणि मी घाईची. ती एक थेंब सोडून थांबायची, बघायची, मग दुसरा सोडायची. तेवढ्या वेळात मी तीन वेळा घड्याळ बघितलेलं असायचं. पण गणितात ती अडायची आणि मी नाही, त्यामुळे आमची जोडी बरी जमली.

आम्हाला केमिस्ट्री शिकवायला एक सुदानी बाई होत्या. सगळे त्यांना दुक्तूरा, म्हणजे डॉक्टरबाई, म्हणत. उंच, संथ, रागावल्या की आवाज आणखी हळू करणाऱ्या. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर त्यांनी आम्हा दोघींना थांबवून घेतलं. मस्कतच्या एका विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीला बाहेरच्या कॉलेजांतून थोडी मुलं थेट तिसऱ्या वर्षाला घेतात, म्हणाल्या. उन्हाळ्यात तिथे एक पूरक कोर्स करावा लागतो, मग प्रात्यक्षिक परीक्षा, मग मुलाखत.

"किती जागा?" मी विचारलं.

"थोड्या."

"थोड्या म्हणजे?"

"तुम्ही दोघी अर्ज करा म्हणून मी सांगते आहे. जागा मोजायला नाही सांगितलं."

बाहेर पडल्यावर उख्ती म्हणाली, "दोन असतील तर बरं." मी हसले, पण माझ्या डोक्यात तोवर गणित सुरू झालं होतं. तिचे गुण माझ्यापेक्षा किंचित जास्त होते.

त्याच महिन्यात बाबांना कारखान्यातून कळलं की त्यांचं कंत्राट आता पुढे वाढणार नाही. त्यांनी ते जेवताना सांगितलं, भाकरी मोडत, जणू उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं. "दिवाळीच्या आधी गावाला. झाला आता." आईने ताट बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघितलं. माझा प्रवेश झाला तर मी विद्यार्थ्याच्या व्हिसावर होस्टेलला राहणार; नाही झाला तर त्यांच्याबरोबर जाऊन तिकडे पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करणार.

उन्हाळ्यात मी मस्कतला, बौशरमध्ये राहणाऱ्या माझ्या सख्ख्या मावशीकडे गेले. मावशीची दोन मुलं आपसात इंग्रजीत भांडायची आणि मला "ताई, तू रूममध्ये वॉक करत स्टडी का करतेस?" असं विचारायची. मला बसून वाचता यायचं नाही. पुस्तक हातात धरून मी हॉलमधून बाल्कनीपर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारायचे. बाल्कनीचं दार उघडलं की भट्टीसमोर उभं राहिल्यासारखी हवा तोंडावर यायची, पुन्हा आत. मावशी म्हणायची, "अगं, फरशी झिजेल माझी." आणि चहा आणून द्यायची, जो मी उभ्यानेच प्यायचे.

उख्ती मुलीला सोडून राहू शकत नव्हती. ती रोज सहमहून गाडी चालवत यायची आणि रोज परत जायची. गुरुवारी, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीसाठी, मला सोहारला घेऊन जायची. मग मला सोडून उलट सहमला. मी तिला म्हटलं, मी टॅक्सीने जाईन, तर तिने मान हलवली. "मला जागं राहायला माणूस लागतं."

आखातातल्या गाड्यांमध्ये वेग एका मर्यादेपुढे गेला की आतून टिंगटिंग असा आवाज सुरू होतो. लॅबमध्ये थेंब थेंब मोजणारी ही बाई रस्त्यावर मात्र तो आवाज बंद होऊच द्यायची नाही. एकीकडे खजुरांच्या बागा, दुसरीकडे न दिसणारा समुद्र, आणि आम्ही त्या टिंगटिंगच्या तालावर एकमेकींना प्रश्न विचारत जायचो. ती विचारायची मराठीत ग्लुकोजला काय म्हणतात, मी म्हणायचे ग्लुकोजच. ती सांगायची की तिच्या सासूला वाटतं ती नर्स होणार आहे, आणि तिने अजून तो गैरसमज दूर केलेला नाही. एकदा मी तिला विचारलं, "तुला कशाला हवंय हे सगळं?" तिने पुढचा ट्रक मागे टाकला. मग म्हणाली, "शाळेत मी पहिली यायचे. मग लग्न झालं. मग कुणी विचारलंच नाही, पहिली कोण."

प्रात्यक्षिक परीक्षेत मला टायट्रेशन आलं. आम्ही कॉलेजात ते इतक्या वेळा केलं होतं की प्रश्न बघून मला हायसं वाटलं. ब्युरेटमधून थेंब सोडत राहायचं आणि खालच्या चंबूत फिकट गुलाबी रंग आला, अगदी जेमतेम दिसेल इतका, की थांबायचं. पहिल्यांदा गडद गुलाबी झालं. म्हणजे मी पुढे गेले होते. दुसऱ्यांदा पुन्हा गडद. शेजारच्या रांगेत उख्ती खाली वाकून, डोळे चंबूच्या पातळीला आणून बघत होती, तिच्या अबायाच्या बाह्या कोटाखाली दुमडलेल्या. ती एकदाही माझ्याकडे बघेना. तिसऱ्यांदा मला हवा तसा रंग मिळाला, पण तोवर वेळ संपला आणि पुढची आकडेमोड अर्धीच राहिली.

मुलाखतीला तिघे होते. मधले विभागप्रमुख, पिकलेल्या दाढीचे ओमानी गृहस्थ. त्यांच्यासमोर माझी अर्धवट उत्तरपत्रिका होती.

"दोनदा पुढे गेलात," ते म्हणाले.

"हो."

"का?"

मी घरून पाठ करून आणलेल्यात हे नव्हतं. "घाई केली."

"कसली घाई? वेळ पुरेसा होता."

"मला माहीत आहे. मला घाई असतेच."

शेजारच्या बाई हसल्या. ते हसले नाहीत. "आणि त्या कॉलेजात का गेलात?"

"दुसरीकडे कुठे मिळालं नाही म्हणून."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं. बाहेर उख्ती कठड्याला टेकून उभी होती. "कसं झालं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "खलास." सोहारला परतताना गाडीत बौशरचा चौक ओलांडल्यावर मी एकदम रडायला लागले आणि तिने गाडी एका पेट्रोल पंपावर घेतली, मला ताक आणून दिलं आणि पुन्हा रस्त्याला लागली.

निकालाची वाट बघण्याचे दिवस मला आजही नीट आठवत नाहीत, फक्त मी काय काय घासलं ते आठवतं. फ्रिज, गॅसची शेगडी, खिडक्यांच्या जाळ्या, आईची तांब्याची भांडी. आई सामान बांधत होती. मी खोक्यात भरलेलं बाहेर काढून पुसून पुन्हा भरायचे. बाबा कामावरून आले की दारातच बूट काढत म्हणायचे, "काय झाला? आला काय?" मी मान हलवायचे. एका संध्याकाळी आई मला जबरदस्तीने समुद्रावर घेऊन गेली. तिथे कुटुंबं चटया टाकून बसली होती, मुलं फुटबॉल खेळत होती, आणि मी इतक्या भराभर चालत होते की आई मागून ओरडली, "अगो, कोण लागलाय पाठी?"

फोन आला तो उख्तीचा. तिने आधी आई कशी आहे विचारलं, मग बाबा कसे आहेत. मग मला कळलं.

"तुला मिळालं," मी म्हटलं.

"हो."

मी माझी मेल उघडली. माझं नाव प्रतीक्षायादीत होतं.

दुपारी ती घरी आली. हातात हलव्याचा डबा, बरोबर तिची मुलगी. ती आनंद साजरा करायला आली नव्हती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण हलवा आणल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही ही तिची रीत. मी "चहा करते" म्हणून आत गेले आणि बाहेर येईना. एक चहा झाला, आई घेऊन गेली. मी दुसरं आधण ठेवलं. बाहेरून आईचं हिंदी ऐकू येत होतं: "बहुत अच्छा हुआ हां, आप भी तो इतना पढ़ा." आणि उख्तीचा हळू आवाज. मला मनापासून तिच्यासाठी आनंद व्हावा असं वाटत होतं आणि तो होत नव्हता. मला एवढंच दिसत होतं की तिच्याकडे घर आहे, नवरा आहे, मुलगी आहे, देशही तिचाच आहे, आणि आता ही जागाही. आधण उकळून उकळून काळं झालं.

शेवटी ती स्वयंपाकघराच्या दारात आली. "मी तुला सांगणारच नव्हते," ती म्हणाली. "मग वाटलं, दुसऱ्याकडून कळलं तर तू माझ्याशी कधी बोलणार नाहीस."

"आत्ताही बोलायची इच्छा नाहीये," मी म्हटलं.

"ठीक आहे. उद्या बोल."

ती गेल्यावर मी हलवा खाल्ला. डब्यातच चमचा घालून, उभ्यानेच.

विद्यापीठ सुरू झालं. ती जायला लागली. मी सोहारमध्ये खोकी बांधत राहिले. मग एके दिवशी तिचा निरोप आला की दुसऱ्या वर्षाच्या लॅबमध्ये एका बाकावर पहिल्या दिवसापासून कुणीच बसत नाही. प्रवेश घेतलेला एक मुलगा मलेशियाला निघून गेला म्हणतात. "तू ये," तिने लिहिलं होतं. "फोन नको करू. ये."

बाबांनी रजा टाकली आणि मला घेऊन गेले. वाटेत ते एकदाच बोलले. "विचारायचा. नाय म्हटला तर नाय." विभागप्रमुख आपल्या खोलीत होते. त्यांनी मला ओळखलं. "घाईवाली," ते म्हणाले.

मी जागेबद्दल विचारलं. त्यांनी सांगितलं की जागा रिकामी दिसत असली तरी कागदोपत्री ती अजून त्या मुलाची आहे. मुदत संपेपर्यंत ते कुणालाही बोलावू शकत नाहीत, आणि यादीत माझ्या आधी आणखी एकजण आहे. शिवाय ती जागा दुसऱ्या वर्षातली. माझे डिप्लोमाचे काही विषय त्यात धरले जाणार नाहीत, म्हणजे एक वर्ष फुकट.

"तोवर मी वर्गात बसले तर?" मी म्हटलं.

"कोणत्या नात्याने?"

बाबा मागे उभे होते, टोपी हातात धरून. ते त्यांच्या कामचलाऊ अरबीत म्हणाले, "बसू दे, साहेब. घरी ती काही बसत नाही."

या वेळी ते हसले. "मागच्या रांगेत," त्यांनी सांगितलं. "लॅबमध्ये हात लावायचा नाही, फक्त बघायचं. आणि जागा दुसऱ्याला गेली तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

अशी मी हजेरीत नाव नसलेली विद्यार्थिनी झाले. पुन्हा मावशीचं घर, पुन्हा बाल्कनीपर्यंतच्या फेऱ्या. फाटकावरचा म्हातारा रखवालदार रोज सकाळी हात पुढे करायचा. "वेन बिताका?" कार्ड कुठे आहे? मी रोज सांगायचे, अजून नाही मिळालं. तो रोज विभागात फोन करायचा, रोज कुणीतरी हो म्हणायचं, आणि तो मला आत सोडायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटायचं, हा मुद्दाम विसरतो.

वर्गातली मुलं माझ्याहून लहान होती आणि भराभर लिहीत होती. प्राध्यापक हजेरी घ्यायचे तेव्हा मी वहीत डोकं घालायचे. लॅबमध्ये मी भिंतीला पाठ लावून उभी राहायचे आणि समोर तो रिकामा बाक. त्यावरचा सूक्ष्मदर्शक आच्छादन घालून ठेवलेला असायचा. दुसरी मुलं चुका करत होती त्या मला दिसत होत्या, आणि तोंड उघडायची सोय नव्हती. हात मागे बांधून उभं राहायचं. आयुष्यात कधी इतका वेळ मी एका जागी उभी राहिले नव्हते. उख्ती वरच्या मजल्यावर तिसऱ्या वर्षात होती. मधल्या सुट्टीत खाली यायची, आपल्या डब्यातली अर्धी रोटी माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, "आज काय बघितलंस?" मी सांगायचे. सांगता सांगता मला कळायचं की कुठलं समजलंय आणि कुठलं नाही. आमच्यातलं ते हलव्याच्या दिवसाचं कधी निघालं नाही. एकदा मी म्हटलं, "त्या दिवशी मी..." तर तिने हाताने माशी उडवल्यासारखं केलं. "तो चहा फार वाईट होता," एवढंच म्हणाली.

माझ्या आधीच्या माणसाने जागा नाकारली. त्याला दुसरीकडे मिळालं होतं. मला हे वर्गातून बोलावून घेऊन सांगितलं गेलं, आणि मी परत येऊन पुन्हा मागच्याच रांगेत बसले, कारण दुसरं काही सुचलं नाही. प्राध्यापकांनी हजेरी संपवताना माझं नाव घेतलं. चुकीचं उच्चारलं. मी "यस सर" इतक्या जोरात म्हटलं की पुढची मुलं वळून बघायला लागली.

आई-बाबा ठरल्याप्रमाणे दिवाळीच्या आधी निघाले. मस्कतच्या विमानतळावर सामान देऊन झाल्यावर आम्ही तिघं बाकड्यावर बसलो. आई डबा उघडून मला घावन खायला लावत होती. बाबांनी आजवर माझ्या विषयाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी एकदम म्हणाले, "पन म्हंजे तू शिकतेस काय गो नक्की?"

मी म्हटलं, "शरीरात जे सारखं चालू असतं ना बाबा, जेवण पचतं, जखम भरते, ते कोण करतं ते."

"कोण करतं?"

"एन्झाइम्स. म्हणजे... तुमच्या कारखान्यात क्रेन नसती तर?"

"कामच झाला नसता."

"झालं असतं, पण फार वर्षं लागली असती. एन्झाइम असलं की तेच काम लगेच होतं, आणि ते स्वतः संपत नाही."

बाबांनी विचार केला. "आनि तापला तर? आमची क्रेन तापली की बंद."

"तेपण बंद पडतं. फार तापलं तर कायमचं."

त्यांना आणखी विचारायचं होतं. पण आईने पर्स उचलली, त्यांचं बोलावणं झालं होतं. बाबा उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत जाता जाता मागे वळून म्हणाले, "कशानं बिघडतं ते फोनवर सांग."

त्याच दुपारी माझं प्रात्यक्षिक होतं. मी विमानतळावरून टॅक्सीने थेट लॅबमध्ये गेले, कोट घातला आणि बाकावर बसले. पहिल्या चाचणीत मी वर्गात शेवटून दुसरी आले. एक विषय मला पुन्हा द्यावा लागला. होस्टेलच्या खोलीत माझ्याबरोबर राहणारी मुलगी पहिल्याच आठवड्यात वॉर्डनकडे तक्रार घेऊन गेली की ही बाई खोलीत सारखी चालत असते. तिचं खरंच होतं. मी मग जिन्यात चालायला लागले.

उख्ती माझ्या एक वर्ष आधी पास झाली. आता ती सोहारलाच, अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला आहे; तिची मुलगी शाळेत जाते आणि सासू सगळ्यांना सांगते की आमची सून डॉक्टरीण आहे. मीही पास झाले, फार चांगल्या गुणांनी नाही, पण झाले. माझ्या प्रोजेक्टच्या वेळी विभागप्रमुखांनी माझे आकडे तपासले, एक चूक दाखवली, आणि मी घाईने "करते करते" म्हटल्यावर म्हणाले, "आधी बसा."

सध्या मी त्याच विद्यापीठात शिकवण्याच्या मदतीचं काम करते आणि पुढच्या शिक्षणासाठी अर्ज पाठवते आहे. दोन ठिकाणांहून नकार आलाय, एका ठिकाणी पुन्हा प्रतीक्षायादी. उख्तीला कळवलं तर तिचं लगेच उत्तर आलं: "तिथे जाऊन बस." मी तिला लिहिलं की ते कॅनडात आहे. तिने लिहिलं, "मग स्वेटर घे."